शिखराचे नाव आणि नावाचा पुरावा

सप्टेंबर २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील मोन तवांग भागात, गोरीचेन पर्वतरांगेतील ६,३८३ मीटर उंचीच्या एका शिखरावर दिरांग येथील राष्ट्रीय पर्वतारोहण व साहसी क्रीडा संस्थेचे पथक पोहोचले. या शिखरावर त्यापूर्वी कोणी गेले नव्हते आणि नकाशावर त्यास नाव नव्हते. पथकाने त्यास सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो यांचे नाव दिले. लगेच चीनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने हा सारा प्रदेश ‘झांगनान’ असून तो चीनचा आहे, या आपल्या जुन्या भूमिकेचा पुनरुच्चार केला. आपल्याकडील वृत्तपत्रांनी ही बातमी सीमावादाची बातमी म्हणून छापली. बौद्धविद्येच्या अभ्यासकांनी मात्र तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे, असे आम्हास वाटते. एका बौद्ध पुरुषाचे नाव एका पर्वतास दिले गेले, म्हणून आनंद मानावा, की त्या नावाच्या योग्यायोग्यतेचा विचार करावा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. महाराष्ट्रातील लेण्यांच्या नावांविषयी आपण जो आग्रह धरतो, त्याच्याशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे.

प्रथम चीनच्या नामकरणाचा विचार करू. अरुणाचल प्रदेशातील स्थळांना ‘प्रमाणित’ नावे देणाऱ्या याद्या चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१७ पासून प्रसिद्ध केल्या आहेत. २०१७ मध्ये ६, २०२१ मध्ये १५, २०२३ मध्ये ११, २०२४ मध्ये ३० आणि २०२५ मध्ये २७ नावे, असा हा क्रम आहे. २०२३ च्या अकरा नावांत पाच पर्वतशिखरे होती. भारत सरकारने प्रत्येक वेळी या याद्या फेटाळल्या आणि नावे शोधून काढल्याने वस्तुस्थिती बदलत नाही असे बजावले. हे उत्तर रास्तच आहे. परंतु या याद्यांतील मूळ दोष राजकीय असण्याआधी ज्ञानविषयक आहे. अशा याद्यांत स्थळाचे स्थान दाखविले जाते, नाव चिनी व तिबेटी लिपीत दिले जाते. ते नाव कोणाच्या तोंडी आहे, केव्हापासून आहे, कोणत्या दस्तऐवजात आढळते, याविषयी मात्र काही सांगितले जात नाही. आधाराशिवाय प्रमाण ठरविलेले नाव हा निव्वळ हुकूम होय.

आता भारतीय नामकरणाकडे वळू. येथे दोन गोष्टी जमेच्या आहेत. त्सांगयांग ग्यात्सो यांचा जन्म १६८३ मध्ये तवांगजवळील उर्गेलिंग येथे झाला. दलाई लामांच्या परंपरेत मोन्पा समाजाच्या भूमीत जन्मलेले ते एकमेव. तेव्हा हे नाव त्या मातीशी नाते सांगणारे आहे. दुसरे असे की, हे नाव आपण नव्याने देत आहोत, हे देणाऱ्यांनी लपविलेले नाही. ते पूर्वापार चालत आले आहे असा बहाणा येथे नाही.

परंतु उणे बाजूही पाहिली पाहिजे. ‘अनाम शिखर’ या शब्दप्रयोगाचा अर्थ काय? नकाशावर नाव नसणे आणि लोकांच्या तोंडी नाव नसणे या भिन्न गोष्टी आहेत. त्या उंचीच्या खाली याक चारणारे लोक पिढ्यान्पिढ्या वावरत आले आहेत. त्यांच्या बोलीत त्या शिखरास, त्याच्या एखाद्या सोंडेस वा हिमनदीस काही म्हटले जाते काय, याची चौकशी नामकरणाच्या आधी व्हावयास हवी आणि तिची नोंद नावाबरोबर प्रसिद्ध व्हावयास हवी. खुद्द तवांग या नावामागे केवढी लोकस्मृती आहे! ‘ता’ म्हणजे घोडा आणि ‘वांग’ म्हणजे निवडलेले. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मेराक लामा लोद्रे ग्यात्सो यांनी तेथे मठ स्थापन केला, तेव्हा त्यांच्या घोड्याने ती जागा निवडली अशी कथा आहे. ज्या समाजाने आपल्या मठाचे नाव एवढ्या जिव्हाळ्याने जपले, त्याने डोक्यावरच्या शिखरांना नावेच दिली नसतील, असे गृहीत धरता येत नाही.

त्याहून गंभीर मुद्दा ज्यांचे नाव दिले त्यांच्या चरित्रातून निघतो. पाचव्या दलाई लामांचे निधन १६८२ मध्ये झाले. परंतु राज्यकारभार पाहणाऱ्या देसी सांग्ये ग्यात्सो यांनी ते सुमारे पंधरा वर्षे गुप्त ठेवले. त्यामुळे सहाव्या दलाई लामांचे बालपण अज्ञातवासात गेले आणि १६९७ मध्ये त्यांना पोताला प्रासादात गादीवर बसविण्यात आले. १७०२ मध्ये त्यांनी पूर्ण उपसंपदा घेण्यास नकार दिला आणि पूर्वी घेतलेली श्रामणेर दीक्षाही परत केली. प्रेमकवितांचा कर्ता म्हणून तिबेटी भाषकांत त्यांचे नाव आजही घेतले जाते. १७०६ मध्ये लाझांग खान या मंगोल सत्ताधीशाने त्यांना पदच्युत केले आणि चीनकडे नेले जात असताना वाटेत कोकोनोर सरोवराच्या परिसरात त्यांचा अंत झाला, असे इतिहास सांगतो. सत्तेने लहानपणीच उचललेला, सत्तेच्या डावात वाढलेला आणि अखेर सत्तेच्याच हातून संपलेला हा तरुण होता. त्याच्या नावाचा सीमेवरील दगड म्हणून पुन्हा एकदा सत्तेच्या कामी उपयोग व्हावा, ही विसंगती कोणाही विचारी वाचकास खटकल्यावाचून राहणार नाही.

शिवाय हा उपयोग दुधारी आहे. तवांगवरील आपल्या हक्काच्या समर्थनार्थ चीन जी कारणे पुढे करतो, त्यांत सहावे दलाई लामा तवांगला जन्मले हे एक ठळक कारण आहे. तवांग तिबेटचे, तिबेट आमचे, म्हणून तवांग आमचे, असा तो युक्तिवाद. उलट भारतीय बाजूने त्याच जन्माचा दाखला मोन भूमीच्या भारतीयत्वासाठी दिला जातो. एकच जन्मस्थान दोन परस्परविरोधी दाव्यांना आधार म्हणून वापरता येत असेल, तर सीमा ठरविण्याच्या कामी तो आधार निरुपयोगी होय. तवांगचे भारतीयत्व १९१४ च्या सिमला परिषदेत आखलेली रेषा, १९५१ मध्ये मेजर खाथिंग यांच्या मोहिमेने तेथे बसलेले भारतीय प्रशासन आणि तेथील नागरिकांचा या देशाच्या लोकशाहीतील सहभाग यांवर उभे आहे. त्यास एका साधुकवीच्या जन्मकथेच्या टेकूची गरज नाही. त्सांगयांग ग्यात्सो यांचे स्मरण करावयाचे, तर ते कवी व मोन्पा समाजाचे सुपुत्र म्हणून करावे. त्यांच्याकडून भूमापनाचे काम करून घेऊ नये.

हिमालयात हा प्रकार नवा नाही. जगातील सर्वांत उंच शिखरास १८६५ मध्ये एव्हरेस्ट हे नाव मिळाले, ते अँड्र्यू वॉ यांच्या सूचनेवरून आणि लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या संमतीने. शिखराच्या उंचीचे गणित करणाऱ्या राधानाथ सिकदार यांचे नाव मागे पडले ते पडलेच. स्थानिक नाव सापडत नाही ही सबबही टिकणारी नव्हती, कारण तिबेटी ‘चोमोलुंग्मा’ हे नाव अठराव्या शतकातील युरोपीय नकाशांत आलेले होते. नेपाळमधील ‘सगरमाथा’ हे नाव इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी विसाव्या शतकात पुढे आणले आणि पुढे नेपाळने ते अधिकृत केले. आज त्या सीमेवरील एकाच पर्वतास उत्तरेकडून एक, दक्षिणेकडून दुसरे आणि साऱ्या जगाकडून तिसरे नाव आहे. भूतान व तिबेट यांच्या सीमेवरील गांगखार पुएनसुम या ७,५७० मीटर उंचीच्या शिखराची गोष्ट निराळी आहे. भूतानने लोकश्रद्धेचा मान राखून १९९४ मध्ये ६,००० मीटरहून उंच शिखरांवरील चढाईस बंदी केली आणि २००३ मध्ये गिर्यारोहण पूर्णतः थांबविले. त्या शिखरावर कोणाचे पाऊल पडलेले नाही, तरीही त्यास नाव आहे. पर्वतास नाव मिळण्यासाठी तो ‘सर’ करावा लागत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सीमेवरच्या पर्वताचे नाव सत्तांच्या संघर्षात टिकू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणास हिमालयात जाण्याचे कारण नाही. नाशिकजवळचा त्रिरश्मी पर्वत हे उत्तर कोरून उभा आहे.

आज ज्या डोंगरास सर्वसामान्य लोक ‘पांडवलेणी’ म्हणतात, तो एके काळी क्षहरात व सातवाहन या दोन सत्तांच्या झगड्याच्या ऐन सीमेवर होता. लेणे क्रमांक १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथे ‘त्रिरश्मी’ पर्वतात हे लेणे आपण करविले, असे तो सांगतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. तो किती संपूर्ण होता, याची साक्ष नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नाण्यांच्या निधीने दिली. तेरा हजारांहून अधिक असलेल्या नहपानाच्या त्या चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. जित राजाच्या चेहऱ्यावर जेत्याचे चिन्ह उमटविणे, हा त्या काळचा नामांतराचा हुकूमच म्हणावयाचा.

मात्र याच गौतमीपुत्राचे लेणे क्रमांक ३ मधील लेख वाचावेत. अठराव्या राज्यवर्षातील आज्ञेत गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास तो कळवितो की, पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने शेत आता ‘तेकिरसि’ प्रव्रजितांना दिले आहे. हे ‘तेकिरसि’ म्हणजे त्रिरश्मीवर राहणारे, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. चोविसाव्या वर्षाच्या लेखात पर्वताचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. त्याच्या पुत्राच्या, पुळुमावीच्या, एकोणिसाव्या वर्षी राजमाता गौतमी बलश्री हिने भदावनीय निकायाच्या भिक्खुसंघास लेणे दिले. त्या लेखातही तिरण्हु पर्वताचे शिखर आहे आणि त्याच्या नैर्ऋत्येकडील पिसाजिपदक हे गाव लेण्याच्या चित्रणासाठी दिल्याची नोंद आहे. यानंतर आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अक्षयनिधी ठेवला. तो त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या चातुर्दिश भिक्खुसंघासाठी होता.

क्षहरात, सातवाहन आणि आभीर. तीन सत्ता आल्या, सीमा पुढे-मागे सरकली, नाणी पुन्हा ठोकली गेली. पर्वताचे नाव कोणी बदलले नाही. एवढेच काय, जेत्याने शेताचे दान देताना ते आधी कोणाकडे होते, हेही खोडले नाही. याचे कारण आमच्या मते उघड आहे. ते नाव कोणत्याच राजाचे नव्हते. तेथे राहणाऱ्या संघाची ओळख त्या नावाने होत असे, दानाचा दस्त त्या नावाने टिकत असे आणि म्हणून दाता कोणीही असला, तरी त्यास तेच नाव लिहावे लागे. नाव राहणाऱ्यांचे होते. राजे ते केवळ उतरवून घेत होते.

पुढे विहार ओस पडला. काही काळाने त्याच डोंगरात जैन मूर्तीही कोरल्या गेल्या. ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत आणि नाव भिंतीवर असूनही मुके झाले. बलश्रीच्या त्याच लेखात गौतमीपुत्राच्या राज्यातील पर्वतांच्या यादीत ‘कण्हगिरी’ येतो. तो ‘कान्हेरी’ होऊन लोकांच्या तोंडी राहिला. त्रिरश्मीच्या वाट्यास ते भाग्य आले नाही. महाराष्ट्रात इतर अनेक ठिकाणी झाले तेच येथे झाले. ज्यांचे कर्ते आठवत नाहीत अशा कोरीव गुहा पांडवांच्या नावावर गेल्या. १८२३ मध्ये कॅप्टन जेम्स डेलामेन यांनी या लेण्यांची नोंद केली. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखांचे वाचन दिले, त्रिरश्मी हे नाव उलगडून सांगितले. तरी प्रकरणाचा मथळा ‘पांडू लेणे’ असाच राहिला. म्हणजे लेख वाचला गेला, पण वाचल्याचा परिणाम मथळ्यापर्यंत पोहोचला नाही. मे २०२१ मध्ये साफसफाईच्या वेळी तेथे आणखी लेणी आढळली, तेव्हाच्या बातम्यांत दोन्ही नावे शेजारीशेजारी छापली गेली. अलीकडच्या काळात ‘त्रिरश्मी बुद्ध लेणी’ हे नाव रूढ होऊ लागले आहे, ते बौद्ध समाजाच्या आग्रहामुळे. हा आग्रह पूर्णतः न्याय्य आहे, कारण त्यामागे दगडात कोरलेला पुरावा आहे.

मात्र येथेच आम्हास आपल्या लेखक-कार्यकर्त्यांपाशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. ‘पांडवलेणी’ या नावातील पांडव हटविण्यासाठी हल्ली एक व्युत्पत्ती सांगितली जाते. मूळ शब्द ‘पुंड्रू’ असून तो पिवळ्या रंगाचा वाचक पालि शब्द आहे आणि भिक्खूंच्या चीवरांवरून हे नाव पडले, अशी ती आहे. पालीत ‘पण्डु’ शब्द फिकट पिवळ्या रंगासाठी आहे, हे खरे. धम्मपदाच्या मलवग्गात पिकल्या पानाच्या उपमेत तो आरंभीच येतो. पण या पर्वतास वा लेण्यांस तो लावल्याचे तेथील एकाही लेखात आढळत नाही. त्याचप्रमाणे त्रिरश्मी म्हणजे बुद्ध, धम्म व संघ यांची तीन किरणे, असा अर्थही सांगितला जातो. उपासकाच्या मनास तो भावेल आणि चिंतनासाठी त्याने तो जरूर घ्यावा. परंतु कोरीव लेख तसे म्हणत नाहीत आणि डोंगराच्या निमुळत्या आकाराशी या नावाचा संबंध जोडणारे अभ्यासकही आहेत. हाती अस्सल दस्त असताना नकली दस्त जोडणारा वादी आपला खटला स्वतःच दुबळा करतो. चीनच्या याद्यांना आधार नाही असे म्हणावयाचे आणि आपल्या सोयीच्या व्युत्पत्तीस आधार विचारावयाचा नाही, असा दुटप्पीपणा अभ्यासकास शोभत नाही.

लोकांनी दिलेल्या नावांकडेही तुच्छतेने पाहू नये. वेरूळचे पाचवे लेणे, दोन लांब बुटक्या ओट्यांचे ते भव्य सभागृह, ‘महारवाडा’ या नावाने ओळखले जात असे. गावातील महार कुटुंबे पावसाळ्यात तेथे आश्रय घेत, म्हणून हे नाव पडले असे मार्गदर्शक पुस्तके सांगतात. हे नाव वाचताना मनास यातना होतात आणि लेण्याचे ओळखनाम म्हणून ते वापरू नये, हे बरोबरच आहे. तथापि ते नोंदींतूनही पुसून टाकावे काय? ज्यांना गावाने बाहेर ठेवले, ते ज्या छपराखाली गेले ते छप्पर भिक्खुसंघाचे होते. एवढी मोठी गोष्ट त्या एका नावात दडलेली आहे. ते नाव बांधणाऱ्यांविषयी काही सांगत नाही. शतकांनंतर तेथे वसलेल्यांविषयी बरेच सांगते. प्रत्येक नाव आपापल्या काळाची साक्ष देते. एका काळाची साक्ष दुसऱ्या काळाच्या नावावर खपविली, म्हणजे गफलत होते.

मग नवी नावे देऊच नयेत काय? तसे आमचे म्हणणे नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. त्यास मिलिंद आणि परिसरास नागसेनवन ही नावे लाभली. या माळावर राजा मिनँडर आला होता किंवा भदन्त नागसेनांनी येथे वास केला होता, असे बाबासाहेबांनी कधी सुचविले नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथातील प्रश्न विचारणारा राजा आणि न डगमगता उत्तर देणारा भिक्खू यांचे नाते गुरु-शिष्यांपुढे आदर्श म्हणून ठेवावे, एवढाच त्यामागील हेतू. नाव नवे होते, ते नवे असल्याचे सर्वांस ठाऊक होते आणि ज्यांच्यासाठी ते दिले त्या विद्यार्थ्यांनी ते आपले मानले. नाव ही किरकोळ बाब नव्हे, हे या शहरास शिकविण्याची गरज नाही. २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाड्यातील दलित वस्त्यांनी जी किंमत मोजली, ती येथील घराघरांस ठाऊक आहे.

तेव्हा नावाची पारख करण्याचे तीन निकष आम्ही सुचवितो. पहिला, नाव जुने म्हणून सांगितले जात असेल, तर त्याचा लेख, दस्त वा लोकमुखातील आढळ दाखविता आला पाहिजे. दुसरा, नाव नवे असेल, तर ते नवे आहे असे मोकळेपणी सांगितले पाहिजे. तिसरा, ज्यांच्या अंगणात ती जागा आहे, त्यांनी ते नाव आपले म्हणून उच्चारले पाहिजे. त्रिरश्मी पहिल्या निकषावर उतरते. नागसेनवन दुसऱ्या व तिसऱ्या निकषांवर उतरते. बीजिंगच्या याद्या एकाही निकषावर उतरत नाहीत. त्सांगयांग ग्यात्सो शिखर दुसऱ्या निकषावर उतरते. तिसऱ्याचा निर्णय दिल्लीत वा दिरांगच्या संस्थेत होणार नाही. तो तवांगच्या खोऱ्यातील मोन्पा गावांत, तेथील भिक्खू व पशुपालकांच्या बोलण्यात व्हावयाचा आहे. त्यांनी ते नाव स्वीकारले, तर कोणत्याही प्रवक्त्याच्या निवेदनाने ते पुसले जाणार नाही. त्यांच्यापाशी आधीचेच एखादे नाव असेल, तर ते नकाशावर घ्यावे आणि सहाव्या दलाई लामांचे स्मारक अन्य रीतीने करावे. त्या कवीचा त्यात अवमान होणार नाही.

आपल्यापुरते बोलावयाचे, तर काम जवळचे आहे. पालि व प्राचीन इतिहास विभागांतील विद्यार्थ्यांनी महाराष्ट्रातील लेण्यांच्या कोरीव लेखांतून येणारी पर्वतांची, गावांची व विहारांची नावे एकत्र करावीत. प्रत्येक नावापुढे लेण्याचा क्रमांक, लेखातील रूप आणि आज चालणारे नाव लिहावे. लोकनावे गाळू नयेत. व्युत्पत्ती सुचवावयाची असल्यास ती सूचना आहे असे नमूद करावे. अशी सूची हाती घेऊन फलकावरील नावाची मागणी केली, तर तिला नकार देणे कोणत्याही खात्यास अवघड जाईल. दोन हजार वर्षांपूर्वी त्रिरश्मीवरील भिक्खूंकडे सैन्य नव्हते आणि टांकसाळही नव्हती. त्यांच्याकडे नीट लिहून ठेवलेला दस्त होता, आणि तीन राजवटींनी त्यातले नाव मानले.